आधी श्वास सोडा

डिचोलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या ४३ वर्षांच्या असून पणजीतील एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात काम करतात. यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात, मुलगा बारावीला आहे, आणि गेल्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्यापासून त्यांचे उठणे-बसणे, पथ्य आणि औषधे हे सारे या भगिनीच पाहतात. त्या लिहितात : “रात्री तीनच्या सुमारास जाग येते. छाती धडधडत असते, जबडा आवळलेला असतो. डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉइड, ईसीजी सगळे तपासले, काही निघाले नाही. ताण कमी करा, ध्यान करा, असे ते म्हणाले. मोबाइलवरच्या ॲपने वीस मिनिटे बसून पाहिले, पण डोळे मिटले की विचार दुप्पट येतात. दीर्घ श्वास घ्यायला गेले तर घेरी आली आणि बोटांना मुंग्या आल्या. मुंबईची नणंद म्हणते, गोव्यात राहून तुला कसला ताण? माझ्या मनातच काही खोट आहे का? ध्यान माझ्यासारखीला जमेल का?”

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देते. तुमच्या मनात कोणतीही खोट नाही, आणि ध्यान तुम्हाला जमेल. मात्र तुम्ही ज्या क्रमाने त्याकडे गेलात तो क्रम उलटा होता, असे पत्र वाचताना मला वारंवार जाणवले. पहाटेपासून उभ्या असलेल्या, आतून ताठरलेल्या माणसाने एकदम वीस मिनिटे डोळे मिटून बसावे ही अपेक्षाच फार मोठी आहे, आणि ती पुरी झाली नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत आहात याचे मला वाईट वाटले.

घेरीपासून सुरुवात करू, कारण तिचे कारण कळले की पुढचे बरेच उलगडते. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगितले की आपल्यापैकी बहुतेक जण खांदे वर उचलतात, छाती ताणतात, जमेल तितकी हवा आत ओढतात आणि ती पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घेतात. मिनिट-दोन मिनिटे असे केले तरी रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण खाली येते. हा वायू म्हणजे केवळ शरीराने टाकून दिलेला कचरा, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. पण रक्ताची आम्लता राखणे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद ठेवणे ही कामे त्याच्यावर अवलंबून असतात. तो एकाएकी घटला की त्या वाहिन्या आकसतात, डोके हलके होते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छातीवर दडपण आल्यासारखे वाटते. मग माणसाला वाटते की हवा कमी पडते आहे, म्हणून तो आणखी जोराने श्वास ओढतो आणि त्रास वाढतो. तुम्हाला त्या दिवशी श्वास कमी पडला नव्हता, तो जास्त झाला होता. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण हीच चूक पुन्हा करू नये.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की श्वास घेण्याची काळजी काही दिवस सोडून द्या आणि फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. मेंदूपासून निघून मान, हृदय, फुप्फुसे आणि पोट इथवर पोचणारी व्हेगस नावाची एक चेता, म्हणजे मज्जातंतू, आहे. हृदयाच्या वेगाला लगाम घालणे हे तिचे एक काम. आपण श्वास आत घेतो तेव्हा हा लगाम किंचित सैल पडतो आणि ठोके थोडे भरभर पडतात. श्वास सोडतो तेव्हा तो पुन्हा ओढला जातो आणि ठोके संथ होतात. निरोगी माणसाच्या ईसीजीतही ठोक्याठोक्यांतील अंतर श्वासाबरोबर असे कमी-अधिक होताना दिसते. हृदयाचे ठोके, पोटातील पचन, घाम यांना आपण हुकूम देऊ शकत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपण ठरवले तर आपल्या हाताने चालवताही येतो. शरीराच्या आतल्या घाईपर्यंत पोचण्यासाठी इतकी सोपी वाट दुसरी सहसा सापडत नाही, आणि त्या वाटेवर सोडण्याचा भाग लांबवणे हे सर्वांत उपयोगी पडते.

हे आपल्याकडे नवे नाही. योगपरंपरेत श्वास आत घेण्याला पूरक, रोखण्याला कुंभक आणि सोडण्याला रेचक म्हणतात, आणि त्यांचे जे १ : ४ : २ असे पारंपरिक प्रमाण सांगितले जाते त्यातही रेचक पूरकाच्या दुप्पट असतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि असल्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. अलीकडे, २०२३ साली, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी महिनाभर रोज फक्त पाच मिनिटे वेगवेगळ्या प्रकारचे श्वसन किंवा ध्यान केले. ज्या गटाने नाकाने दोन टप्प्यांत श्वास घेऊन तो लांबवर सोडण्याचा सराव केला, त्या गटाच्या मनःस्थितीत सर्वांत अधिक सुधारणा आढळली. रोजची पाच मिनिटे पुरली, ही गोष्ट तुमच्यासारख्या वेळेच्या ओढाताणीत असलेल्या बाईला मला मुद्दाम सांगावीशी वाटते.

आता प्रत्यक्ष कृती. पाठीला आधार मिळेल अशा खुर्चीवर बसा, पावले जमिनीला टेकू द्या आणि एक तळहात बेंबीच्या थोडा वर ठेवा. डोळे मिटायचे नाहीत. समोर जमिनीवर कुठेतरी नजर सैल सोडायची. सर्वांत आधी आत असलेला श्वास नाकाने किंवा ओठ किंचित विलग करून हलकेच बाहेर जाऊ द्या. तो संपला की पुढचा श्वास आपण होऊन आत येईल आणि हाताखालचे पोट जरासे वर येईल. तो ओढू नका. मनात चार आकडे होईपर्यंत येऊ द्या आणि सहा आकडे होईपर्यंत जाऊ द्या. आकडे सेकंदाच्या गतीने मोजले तर एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. विसाव्यात असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, त्यामुळे सहा ही गती पहिल्याच दिवशी साधली नाही तर नवल नाही. तीन आत, चार बाहेर, असे करा. छाती काठोकाठ भरू नका, श्वास रोखून धरू नका, आणि कपालभाती-भस्त्रिकेसारख्या जोरकस क्रिया तूर्त बाजूला ठेवा, कारण तुम्हाला ज्यामुळे घेरी आली त्याच दिशेने त्या नेतात. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा अपस्मार आहे आणि ज्या गरोदर आहेत, त्यांनी तर त्या आणि कुंभक जाणत्या शिक्षकाखेरीज आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज करूच नयेत. सराव करताना डोके हलके वाटले तर मोजणे थांबवून नेहमीसारखा श्वास चालू द्या.

हे कधी करायचे, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही स्कूटरने मयेवरून चोडणला येता आणि तिथून फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजी गाठता, असे लिहिले आहे. दिवसातून दोनदा, इच्छा असो वा नसो, तुम्हाला गाडीचे इंजिन बंद करून मांडवीवर थांबावेच लागते. त्या वेळात तुम्ही काय करता, तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे : कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावरचे संदेश वाचता. उद्यापासून पैलतीरावर पोचेपर्यंत मोबाइल पिशवीत राहू द्या. गाडी स्टँडवर लावा, हेल्मेट काढा, कठड्याला हात टेकून उभ्या राहा आणि श्वास सोडायला लागा. खारफुटीच्या कडेने फेरी मध्यावर आली की तिच्या यंत्राची थरथर तळपायांना जाणवते. मन भरकटेल तेव्हा त्या थरथरीवर लक्ष आणले तरी चालते, मग पुन्हा श्वासावर यायचे. रायबंदरचा धक्का लागला की सराव संपला. स्कूटर चालवताना हा प्रयोग मुळीच करायचा नाही. तेव्हा सारे लक्ष रस्त्यावरच हवे. मी हे इतक्या तपशिलाने लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या अनेकींनी पहाटे आणखी अर्धा तास लवकर उठून ध्यान सुरू केले आणि दोन आठवड्यांत सोडून दिले. आधीच झोप अपुरी असलेल्या बाईच्या दिवसात आणखी एक कर्तव्य घालणे मला योग्य वाटत नाही. जिथे दिवस आपण होऊन थांबतो तिथेच सराव बसवावा.

संध्याकाळी दुसरी जागा आहे. तुळशीपुढे दिवा तुम्ही लावताच. दिवा लावून लगेच स्वयंपाकघराकडे वळण्याऐवजी तिथेच पायरीवर दहा श्वास बसा. दहाच, अधिक नकोत. घरातील कोणी हाक मारली तर “दहा श्वासांनी येते” असे सांगायला संकोच करू नका.

आता विचारांविषयी, कारण तुमची सर्वांत मोठी निराशा तिथेच आहे. डोळे मिटल्यावर विचार वाढले असे तुम्हाला वाटले. ते वाढले नव्हते. दिवसभर फायली, भात, गोळ्या, मुलाची शिकवणी यांच्या गडबडीत ते ऐकू येत नव्हते, बाहेरचा आवाज थांबल्यावर ऐकू आले. भर बाजारात ऐकू न येणारी घड्याळाची टिकटिक रात्री ऐकू येते, तसेच हे आहे. ध्यानात मन रिकामे झाले पाहिजे ही समजूत कुठून रुजली कोण जाणे, पण तिने फार माणसांना दुखावले आहे. लक्ष श्वासावर ठेवायचे, ते सुटते, सुटले हे ध्यानात येते, आणि ते न रागावता परत आणायचे, एवढाच हा अभ्यास आहे. पाच मिनिटांत मन पन्नास वेळा सुटले आणि पन्नास वेळा तुम्ही ते परत आणले, तर पन्नास वेळा सराव झाला. व्यायामात वजन खाली जाते म्हणूनच ते पुन्हा उचलता येते, तसे इथे मन जाते म्हणूनच ते परत आणता येते.

परत आणण्याची रीतही सांगते, कारण तिच्यात गोडी हवी. सासूबाईंची दुपारची गोळी दिली गेली का, असा विचार आला, तर मनात ‘काळजी’ एवढाच शब्द म्हणा. कार्यालयात साहेबांनी फाइलवर काय शेरा मारला ते आठवले, तर ‘आठवण’ म्हणा. उद्याचे डबे डोळ्यांपुढे आले, तर ‘बेत’ म्हणा. नाव दिले की विचाराशी वाद घालण्याची किंवा त्याच्यामागे धावण्याची ओढ बरीच ओसरते, आणि मग पुढच्या उच्छ्वासावर परतता येते. गोळीची गोष्ट खरोखरच महत्त्वाची असेल तर सराव झाल्यावर घरी फोन करा. ती पाच मिनिटांनीही तितकीच महत्त्वाची राहील. आणि ज्या दिवशी मुलावर ओरडून झाल्यावर श्वासाची आठवण येईल, त्या दिवशी स्वतःला दूषण देऊ नका. आठवण आधी घटना झाल्यावर येते, मग ओरडता ओरडता येते, आणि पुष्कळ दिवसांनी तोंड उघडण्याआधी येते. तिचा प्रवास असाच असतो, असे मी माझ्या स्वतःच्या घरातही पाहिले आहे.

मसॅच्युसेट्स विद्यापीठात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी दुखण्यांनी त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी सजगतेचा जो वर्ग सुरू केला, तो पुढे आठ आठवड्यांचा ठरला. त्या मुदतीचे भान तुम्हीही ठेवावे. पुढे अशा ध्यानपद्धतींवरील ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि वेदना यांवर ध्यानाचा अल्प ते मध्यम स्वरूपाचा उपयोग होतो, असे त्यात दिसले. मध्यम हा शब्द मला आवडतो, कारण तो खरा आहे. ध्यानाने आयुष्य पालटते असे सांगणाऱ्यांपासून तुम्ही दूर राहावे, आणि काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांचेही ऐकू नये.

पहाटे तीनला जाग आली तर घड्याळ पाहू नका आणि मोबाइल हाती घेऊ नका. आता किती तास उरले, हा हिशोबच छातीची धडधड वाढवतो. कुशीवर वळा, दातांच्या दोन्ही ओळी एकमेकींपासून विलग करा, जीभ सैल सोडा आणि उच्छ्वास लांबवा. झोप यावी म्हणून हे करायचे नाही, कारण झोपेची वाट पाहणारे मन जागेच राहते. अंदाजे वीस मिनिटे गेली तरी डोळा लागला नाही तर अंथरुणातच तळमळत राहू नका. उठून मंद उजेडात बाहेरच्या खोलीत बसा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही दोनदा चहा घेता असे लिहिले आहे. कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतो, तेव्हा दुसरा कप सोडून पाहा.

पत्रातील एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. सासूबाई पडण्यापूर्वी तुम्ही दर गुरुवारी देवळातील महिला भजनी मंडळात जात होता आणि आता ते बंद झाले आहे, असे तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. भगिनी, ते भजन हा तुमचा श्वासाचा सरावच होता. अभंगाची ओळ एका दमात म्हणायची म्हणजे झटकन श्वास घ्यायचा आणि पुष्कळ वेळ सोडत राहायचे. २००१ साली इटलीतील संशोधकांनी लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणणाऱ्या माणसांचा श्वास मोजला, तेव्हा दोन्ही प्रकारांत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. तुमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात तिन्हीसांजेला तेर्स, म्हणजे हीच जपमाळेची प्रार्थना, म्हणताना ज्या संथ लयीत सगळे आवाज एकत्र येतात, ती लय आणि आपल्या नामजपाची लय शरीराला जवळजवळ सारखीच पडते, असा याचा अर्थ. गुरुवारचा तो दीड तास परत मिळवा. ॲपपेक्षा तो तुम्हाला अधिक देईल, असे मला मनापासून वाटते.

पण तो दीड तास मिळवायचा तर घरात बोलावे लागेल. पत्रातील सगळी कामे मी कागदावर उतरवून पाहिली, आणि श्वासाने ज्यांचा भार हलका होईल अशी त्यांत फार थोडी होती. सासूबाईंना रात्री उठवणे, मुलाचा डबा, औषधांची खरेदी, नातेवाइकांचे फोन, हे सारे एकाच व्यक्तीकडे का असावे? यजमान पाळीने जातात हे खरे, पण पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्यांची संध्याकाळ मोकळी असते. बारावीचा मुलगा आजीला औषध देऊ शकतो. अभ्यासातून उठून दहा मिनिटे आजीजवळ बसल्याने त्याचे गुण कमी होणार नाहीत. हे बोलणे भांडणाच्या तोंडावर करू नका. रविवारी जेवणे झाल्यावर, आधी चार-पाच श्वास सावकाश सोडून, कामांची यादी सर्वांसमोर ठेवा आणि “यातले कोण काय घेईल?” एवढेच विचारा. शांत झालेले मन हे सगळे मुकाट्याने सोसण्यासाठी वापरू नका, ते असे बोलण्यासाठी वापरा.

नणंदेच्या म्हणण्याविषयी थोडेच लिहिते. ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, हा पोर्तुगीज शब्दावरून आलेला शब्द जाहिरातींनी इतका पसरवला आहे की इथल्या माणसाला दमायचाही अधिकार नाही, असे बाहेरच्यांना वाटू लागले आहे. त्यांना समजावण्यात शक्ती घालवू नका. सुट्टीत येतील तेव्हा दोन दिवस सासूबाईंची सेवा त्यांच्याकडे द्या.

आता एक गोष्ट गांभीर्याने. रोजच्या ताणासाठी श्वास पुरतो. आजारासाठी तो पुरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास राहिले, कशातच रस वाटेना, अन्न जाईना, अचानक भीतीचे झटके येऊ लागले, किंवा जगणे नकोसे झाल्याचा विचार एकदाही मनात आला, तर वाट पाहू नका. बांबोळीला गोमेकोच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जवळच मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे सरकारी रुग्णालय आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. तिथे गेल्याने किंवा बोलल्याने कोणी वेडे ठरत नाही. धडधडीबरोबर छातीत दुखू लागले, ती कळ हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला, तर आधीच्या तपासण्या ठीक होत्या म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. आणि डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की जुन्या एखाद्या दुखऱ्या प्रसंगाने जीव घाबरा होत असेल, तर तो सराव रेटू नका. डोळे उघडे ठेवून पायाखालची जमीन, हातातील पाण्याचा तांब्या, बाहेरचा आवाज यांवर लक्ष द्या आणि ती गोष्ट समुपदेशकाला सांगा.

पुढचे दोन आठवडे फेरीवरचा सराव आणि तुळशीजवळचे दहा श्वास एवढेच करा. दिनदर्शिकेवर ज्या दिवशी सराव झाला त्या तारखेभोवती गोल काढा आणि रात्री जाग आली असेल तर त्याच चौकटीत एक टिंब द्या. तीन आठवड्यांनी ते पान पाहून मला पुन्हा लिहा, आणि रविवारच्या यादीतले कोणते काम कोणी घेतले हेही त्यात कळवा.